आइस हॉकीच्या दिग्गज फॉरवर्डांची तुलना: ऐन भरातले हंगाम आणि पूर्ण कारकीर्द कशी मोजावी

माइक बॉसीने ७५२ सामन्यांत ५७३ गोल केले. माइक गार्टनरने १४३२ सामन्यांत ७०८. यातला मोठा खेळाडू कोण, यावर आइस हॉकीचे चाहते तासन् तास भांडू शकतात, कारण बहुतेक वेळा दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एक म्हणतो, ‘भरात असताना बॉसीसारखा कोणी नव्हता.’ दुसरा म्हणतो, ‘पण गार्टनरने १३५ गोल जास्त केले.’ दोन्ही खरं आहे. उत्तर हवं असेल तर आधी प्रश्न वेगळे करावे लागतात आणि मग प्रत्येकाचा हिशोब एकाच मापाने मांडावा लागतो.

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमधली, म्हणजे एनएचएलमधली. फॉरवर्डांत सेंटर आणि दोन्ही बाजूंचे विंगर येतात. ‘गुण’ म्हणजे खेळाडूचे गोल अधिक असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या गोलाआधी दिलेले पास. एका गोलावर जास्तीत जास्त दोन असिस्ट मिळतात. कागद-पेन्सिल किंवा साधी स्प्रेडशीट पुरते.

पायरी १: तीन रकाने आखा

प्रत्येक खेळाडूसाठी तीन आकडे काढायचे: सर्वोत्तम एक हंगाम, सर्वोत्तम सात हंगामांची बेरीज, आणि पूर्ण कारकीर्द. सात हंगाम सलग असण्याची अट घालू नका. दुखापत किंवा टाळेबंदीमुळे मधलं एखादं वर्ष वाया गेलेल्या खेळाडूवर ती अट अन्याय करते. तीन हंगाम घेतले तर नशिबाचा भाग जास्त येतो. दहा घेतले तर तो रकाना कारकिर्दीचीच नक्कल होतो. फॉरवर्ड साधारण २३ ते २८ या वयात सर्वाधिक गुण करतो, त्यामुळे सात हा आकडा ऐन उमेदीच्या काळाशी बऱ्यापैकी जुळतो.

हे तीन आकडे शेवटपर्यंत एकमेकांत मिसळायचे नाहीत. घाईने एकच अंतिम गुणांक काढला की कोणत्या कारणाने कोण पुढे गेला हे तुम्हालाही सांगता येत नाही.

पायरी २: कच्चे आकडे, आणि ते कोणत्या वर्षापासून मिळतात

प्रत्येक हंगामासाठी हे लिहून घ्या: खेळलेले सामने, गोल, असिस्ट, त्या हंगामात प्रत्येक संघाचे किती सामने होते, लीगमध्ये एका संघाचे एका सामन्यातले सरासरी गोल, आणि खेळाडूच्या संघाचे एकूण गोल. मिळत असतील तर पॉवर प्लेवरचे (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गुण आणि रिकाम्या जाळ्यातले (प्रतिस्पर्ध्याने गोलरक्षक बाहेर काढल्यावर झालेले) गोलही वेगळे नोंदवा.

बर्फावर घालवलेल्या वेळेची अधिकृत नोंद १९९७-९८ पासून आहे. कोणत्या क्षणी बर्फावर कोण होतं आणि शॉट कुठून मारला, अशी तपशीलवार माहिती २००७-०८ पासून नीट मिळते. म्हणून जुन्या काळातला ग्रेट्झकी आणि आजचा मॅकडेव्हिड यांची तुलना ‘दर साठ मिनिटांमागे’ करण्याचा मोह टाळा. एका बाजूचे आकडे नाहीतच.

लीगची सरासरी घेताना एक खाच आहे. २००५-०६ पासून नियमित हंगामात जादा वेळेनंतरही बरोबरीत राहिलेला सामना शूटआउटने, म्हणजे एकेका खेळाडूने गोलरक्षकावर घेतलेल्या फटक्यांनी, सुटतो. शूटआउट जिंकणाऱ्या संघाच्या खात्यात एक गोल जमा होतो, पण तो कोणत्याही खेळाडूच्या नावावर लागत नाही. त्यामुळे गुणतक्त्यातले संघांचे गोल आणि खेळाडूंच्या गोलांची बेरीज जुळत नाही. कोणतीही एक पद्धत धरा, पण सगळ्या हंगामांना तीच लावा.

पायरी ३: काळाचा फरक काढून टाका

हॉकीत गोलांचं प्रमाण दशकागणिक बदलत आलं आहे. १९८१-८२ मध्ये एक संघ सामन्याला सरासरी सुमारे ४.०१ गोल करत होता. २००३-०४ मध्ये तेच २.५७ वर आलं होतं. म्हणून सगळे हंगाम ‘३ गोल, ८२ सामने’ या एका पातळीवर आणायचे:

गुण × ३ ÷ लीगची सरासरी × ८२ ÷ हंगामातले सामने

शेवटच्या भागात संघाच्या वेळापत्रकातले सामने घ्यायचे, खेळाडूने खेळलेले नाहीत. ही चूक इतकी वारंवार होते की जखमी खेळाडूंचे हंगाम अवाच्या सवा फुगलेले दिसतात. दुखापतीचा हिशोब पुढे वेगळा येणार आहे.

या सूत्राने काही गाजलेले हंगाम असे दिसतात:

गॉर्डी हाऊ, १९५२-५३: ९५ गुण, सरासरी २.४०, ७० सामने → सुमारे १३९
फिल एस्पोझिटो, १९७०-७१: १५२ गुण, सरासरी ३.१२, ७८ सामने → सुमारे १५४
वेन ग्रेट्झकी, १९८५-८६: २१५ गुण, सरासरी ३.९७, ८० सामने → सुमारे १६७
मारियो लेम्यू, १९८८-८९: १९९ गुण, सरासरी ३.७४, ८० सामने → सुमारे १६४
यारोमिर यागर, १९९५-९६: १४९ गुण, सरासरी ३.१४, ८२ सामने → सुमारे १४२
यारोमिर यागर, १९९८-९९: १२७ गुण, सरासरी २.६३, ८२ सामने → सुमारे १४५
कॉनर मॅकडेव्हिड, २०२२-२३: १५३ गुण, सरासरी ३.१८, ८२ सामने → सुमारे १४४
निकिता कुचेरॉव, २०२३-२४: १४४ गुण, सरासरी ३.११, ८२ सामने → सुमारे १३९

यागरच्या दोन ओळी पुन्हा वाचा. कागदावर १४९ मोठा, पण १२७ गुणांचा हंगाम त्याच्या तोडीचा, किंबहुना किंचित वरचढ ठरतो. मॅकडेव्हिडचे १५३ आणि यागरचे १२७ यांत तर फरकच उरत नाही.

गोलांनाही हेच सूत्र लागू पडतं. ग्रेट्झकीचे १९८१-८२ मधले ९२ गोल या मापाने सत्तरच्या आसपास येतात. ओव्हेच्किनचे २००७-०८ मधले ६५ गोलही तिथेच पोचतात. ऑस्टन मॅथ्यूजचे २०२३-२४ मधले ६९ गोल ६६-६७ होतात. ब्रेट हलने १९९०-९१ मध्ये केलेले ८६ गोल मात्र सत्तरीच्या मध्यावर, या सगळ्यांच्या वर राहतात. तो हंगाम चर्चेत यायला हवा तितका येत नाही.

आता या सूत्राची मर्यादा. लीगची सरासरी वाढली म्हणून प्रत्येकाचे गुण सारख्याच प्रमाणात वाढतात, असं नाही. २००५-०६ मध्ये पंचांनी अडवणुकीच्या फाउलवर कडक धोरण धरलं आणि एका संघाला सामन्यामागे जवळपास सहा पॉवर प्ले मिळू लागले. अलीकडे हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. पॉवर प्लेवर पहिल्या फळीचेच खेळाडू उतरतात, म्हणून अशा वर्षी ताऱ्यांचे गुण सरासरीपेक्षा वेगाने फुगतात आणि सूत्र त्यांना पुरेसं कापत नाही.

पायरी ४: त्याच हंगामातल्या स्पर्धकांशी ताडून पाहा

वरच्या पद्धतीला तपासणारी दुसरी पद्धत हवीच. सगळ्यांत सोपी ही: खेळाडूच्या गुणांना त्या हंगामात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूच्या गुणांनी भागा आणि शंभरने गुणा. पहिल्याच्या जागी दुसरा घेण्याचं कारण उघड आहे. ग्रेट्झकी स्वतःच पहिला असेल तर तो स्वतःशीच बरोबरीत सुटेल.

१९८५-८६ मध्ये ग्रेट्झकी २१५, दुसरा लेम्यू १४१: म्हणजे १५२. १९५२-५३ मध्ये हाऊ ९५, दुसरा टेड लिंडसे ७१: म्हणजे १३४. १९९८-९९ मध्ये यागर १२७, दुसरा टेमू सेलाने १०७: म्हणजे ११९. २०२२-२३ मध्ये मॅकडेव्हिड १५३, दुसरा लिऑन ड्रायसाइटल १२८: म्हणजे १२० च्या किंचित आत. यागर आणि मॅकडेव्हिड इथेही जोडीनेच उभे आहेत. दोन वेगळ्या पद्धती एकच सांगत असतील तर निष्कर्षावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

ही पद्धत दोन ठिकाणी फसते. पहिलं, दुसरा क्रमांकही विलक्षण असेल तेव्हा. १९८८-८९ मध्ये लेम्यूच्या १९९ समोर ग्रेट्झकी १६८ वर होता, म्हणून लेम्यूला ११८ मिळतात. तिसऱ्या क्रमांकावरच्या स्टीव्ह आयझरमनच्या १५५ ने भागलं तर १२८. दुसऱ्या खेळाडूचं नाव ग्रेट्झकी आहे, याची शिक्षा लेम्यूला कशाला? दुसरं, एकाच संघाने सगळ्या वरच्या जागा बळकावल्या असतील तेव्हा. १९७०-७१ मध्ये पहिले चारही जण बोस्टन ब्रुइन्सचे होते: एस्पोझिटो १५२, बॉबी ऑर १३९, जॉनी ब्युसिक ११६, केन हॉज १०५. ऑर तर बचावपटू होता. कशाने भागायचं यावर एस्पोझिटोचा आकडा १०९ होतो किंवा १३१.

यावर उपाय म्हणजे लीगमध्ये जितके संघ तितक्या वरच्या खेळाडूंची सरासरी काढून तिने भागणं: सहा संघांच्या काळात पहिले सहा, आज ३२ संघ असताना पहिले बत्तीस. त्यामुळे आणखी एक गोष्ट साधते. सहा संघांच्या लीगमधला दुसरा आणि बत्तीस संघांतला दुसरा हे सारखे नव्हेत. जितके खेळाडू जास्त, तितका दुसरा क्रमांकही वर सरकतो.

पायरी ५: असिस्टची किंमत ठरवा, आणि ती सांगा

एका गोलामागे सरासरी १.७ च्या आसपास असिस्ट दिले जातात. गोल आणि असिस्ट सारखेच धरले तर प्रत्येक गोलाचं श्रेय पावणेतीन वेळा वाटलं जातं. म्हणून बऱ्याच पद्धतींत गोलाला १ आणि असिस्टला ०.५ अशी किंमत असते.

हा निर्णय किरकोळ नाही. ग्रेट्झकीच्या १९८५-८६ मध्ये ५२ गोल आणि १६३ असिस्ट होते. लेम्यूच्या १९८८-८९ मध्ये ८५ गोल आणि ११४ असिस्ट. सरळ गुणांत, काळाचा हिशोब करून, ग्रेट्झकी थोडा पुढे. असिस्ट अर्धा धरला की ग्रेट्झकीला १०३ आणि लेम्यूला ११७, म्हणजे लेम्यू बराच पुढे. गणित मागे नेऊन पाहिलं तर असिस्टला ०.९ पेक्षा जास्त किंमत दिली तरच ग्रेट्झकीचा हंगाम वर राहतो. एडमंटनच्या ४२६ गोलांपैकी निम्म्यांत ग्रेट्झकीचा हात होता. पिट्सबर्गच्या ३४७ गोलांपैकी ५७ टक्क्यांत लेम्यूचा. हा पुरावाही लेम्यूच्याच बाजूने जातो.

आमच्या मते अर्धा मोल हे पासर खेळाडूंवर थोडं अन्यायकारक आहे. सामन्याच्या अधिकृत नोंदीत आधी लिहिलेला असिस्ट हा शेवटच्या पासचा असतो, म्हणजे पहिला असिस्ट. दुसऱ्या असिस्टमध्ये योगायोग जास्त असतो आणि एका हंगामातून पुढच्या हंगामात तो तितकासा टिकत नाही. पहिल्याची आणि दुसऱ्याची नोंद वेगळी मिळत असेल तर पहिल्याला ०.७ ते ०.८ आणि दुसऱ्याला ०.३ ते ०.४ द्या. मिळत नसेल तर सगळ्यांना ०.६. सुरुवातीच्या दशकांत असिस्ट हात आखडून दिले जात, म्हणून त्या काळातले खेळाडू तुलनेत असतील तर लीगमधलं गोलामागे असिस्टचं प्रमाणही वेगळं तपासा.

पायरी ६: न खेळलेले सामने

लेम्यूने १९९२-९३ मध्ये हॉजकिन्स लिम्फोमावर उपचार घेत फक्त ६० सामने खेळले आणि १६० गुण केले. पॅट लाफोंटेनने सर्व ८४ सामन्यांत १४८. कोणाचा हंगाम मोलाचा?

इथे ‘बदली खेळाडू’ ही कल्पना लागते. तारा बाहेर बसला की त्याची जागा रिकामी राहत नाही. तिथे कोणीतरी साधारण खेळाडू येतो आणि तोही थोडे गुण करतो. ‘३ गोल’ पातळीवर त्याला सामन्यामागे ०.३५ गुण धरू, म्हणजे ८२ सामन्यांत सुमारे २९. मग मोल असं:

काळानुरूप गुण − (खेळलेले सामने × ०.३५)

१९९२-९३ ची सरासरी ३.६३ होती. वेळापत्रक दोघांना सारखंच, म्हणून ८२ चा गुणाकार सोडून देऊ. लेम्यू: १३२ − २१ = १११. लाफोंटेन: १२२ − २९ = ९३. म्हणजे २४ सामने कमी खेळूनही लेम्यू पुढे, आणि तेही स्पष्ट फरकाने.

पण प्रत्येक अर्धवट हंगाम असा जिंकत नाही. सिडनी क्रॉस्बीने २०१०-११ मध्ये डोक्याच्या दुखापतीआधी ४१ सामन्यांत ६६ गुण केले. सामन्यामागे १.६१. डॅनियल सेडिन १०४ गुणांसह पहिला आला, सामन्यामागे १.२७. वेग क्रॉस्बीचाच. मोल मात्र क्रॉस्बीचं ५७ आणि सेडिनचं ८३. ‘क्रॉस्बी त्या वर्षी सर्वोत्तम खेळत होता’ आणि ‘त्याचा हंगाम सर्वोत्तम होता’ ही वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं, दुसरं नाही.

लीगनेच हंगाम छोटा केला असेल तर दोष खेळाडूचा नाही, म्हणून तिथे ८२ पर्यंत वाढवायचं. १९९४-९५ आणि २०१२-१३ मध्ये ४८ सामने झाले, २०२०-२१ मध्ये ५६. तरी थोडा हात राखून. मॅकडेव्हिडचे २०२०-२१ मधले ५६ सामन्यांतले १०५ गुण ८२ सामन्यांवर नेले की १५४ होतात. तेजीचा काळ ५६ सामने टिकणं हे ८२ टिकण्यापेक्षा सोपं असतं. शिवाय त्या वर्षी त्याचा संघ नियमित हंगामात फक्त कॅनडातल्या इतर सहा संघांशीच खेळला. वाढवलेल्या भागाचं अर्धंच श्रेय द्या. २००४-०५ चा पूर्ण हंगाम रद्द झाला होता. तिथे कल्पनेने काहीही भरू नका, फक्त शेजारी टीप लिहा.

पायरी ७: सोबत कोण होतं

याला सूत्र नाही, पण पुरावा शोधता येतो. साथीदार गेल्यावर काय झालं ते पाहा. लेम्यू १९९७ मध्ये निवृत्त झाला आणि डिसेंबर २००० मध्ये परतला. मधल्या तिन्ही हंगामांत यागरने लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस चषक जिंकला, आणि १९९८-९९ मध्ये पिट्सबर्गच्या निम्म्याहून अधिक गोलांत त्याचा वाटा होता. म्हणजे १९९५-९६ चे १४९ गुण लेम्यूच्या सावलीतले होते, असं म्हणणाऱ्यांचं तोंड बंद होतं.

ऑगस्ट १९८८ मध्ये ग्रेट्झकी एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे पहिल्याच हंगामात त्याने १६८ गुण केले. एडमंटननेही १९९० मध्ये त्याच्याशिवाय स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा चषक, जिंकला. यातून दोन्ही गोष्टी निघतात: संघ खरंच बलाढ्य होता, आणि ग्रेट्झकीला त्याची तितकी गरज नव्हती.

पॉवर प्ले वेगळा काढा. मॅकडेव्हिडच्या १५३ पैकी ७१ गुण पॉवर प्लेवरचे होते आणि त्या वर्षी एडमंटनचा पॉवर प्ले ३२.४ टक्के वेळा यशस्वी झाला, जो विक्रम आहे. हे गुण खोटे नव्हेत. पण पाच जणांच्या त्या फळीत श्रेय जास्त वाटलं जातं, म्हणून त्यांना थोडी काट लावणं रास्त. रिकाम्या जाळ्यातल्या गोलांचंही तसंच. आता प्रशिक्षक गोलरक्षकाला पूर्वीपेक्षा लवकर बाहेर काढतात, त्यामुळे असे गोल वाढले आहेत. ओव्हेच्किनने ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५ वा गोल करून ग्रेट्झकीचा ८९४ चा विक्रम मोडला, आणि गंमत म्हणजे तो त्याचा १४८७ वा सामना होता, म्हणजे ग्रेट्झकीच्या कारकिर्दीइतकेच सामने. रिकाम्या जाळ्यातल्या गोलांचा विक्रमही ओव्हेच्किनच्याच नावावर आहे. तुलना करताना दोघांचेही असे गोल बाजूला काढा. एकाचेच काढणं म्हणजे लबाडी.

पायरी ८: बचावाची बाजू

इथे फार वेळ घालवू नका, पण शून्यही धरू नका. सर्गेई फेडोरॉव्हने १९९३-९४ मध्ये १२० गुण केले आणि त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट आणि सर्वोत्तम बचावी फॉरवर्डचा सेल्की असे दोन्ही चषक घेतले. पॅट्रिस बर्जरॉनने सेल्की सहा वेळा जिंकला. अशा खेळाडूंना हंगामामागे ५ ते १० गोलांचं श्रेय द्यावं. त्याहून जास्त दिलं तर बचावी फॉरवर्ड गोलरक्षकाचं श्रेय खाऊ लागतो.

प्लस-मायनसचा आकडा (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल) पाहून हे श्रेय ठरवू नका. त्यात स्वतःच्या संघाचे पॉवर प्लेवरचे गोल धरत नाहीत, पण रिकाम्या जाळ्यातले धरतात, आणि मागे उभा असलेला गोलरक्षक चांगला असेल तर सगळ्या संघाचाच आकडा सुधारतो.

पायरी ९: कारकिर्दीची बेरीज, आणि रेषा हलवून पाहणं

पायरी ६ मधलं मोल प्रत्येक हंगामासाठी काढून बेरीज करा. एखाद्या हंगामाचं मोल उणे आलं तर तिथे शून्य लिहा. उतारवयात कोणी रेंगाळला म्हणून त्याचं पूर्वीचं काम पुसलं जाऊ नये.

आता बॉसी आणि गार्टनर. बॉसी १९७७ ते १९८७ खेळला आणि पाठीच्या दुखण्याने थांबला. गार्टनर १९७९ ते १९९८. बॉसीचे ११२६ गुण, गार्टनरचे १३३५. म्हणजे गार्टनरने ६८० सामने जास्त खेळून २०९ गुण जास्त केले, ८२ सामन्यांमागे जेमतेम २५. हे बदली खेळाडूच्याही खाली आहे. काळ न धरता मोल काढलं तर बॉसी ८६३, गार्टनर ८३४.

पण गार्टनरची शेवटची वर्षं कमी गोलांच्या काळातली होती. बॉसीच्या कारकिर्दीतली लीगची सरासरी सुमारे ३.७५, गार्टनरच्या सुमारे ३.५५. तिने भागल्यावर बॉसी ६३८, गार्टनर ६२७. अकरा गुणांचा फरक हा फरकच नव्हे. म्हणून रेषा हलवून पाहा. बदली खेळाडू ०.३० वर धरला तर गार्टनर ६९९ आणि बॉसी ६७५. ०.४० वर धरला तर बॉसी ६००, गार्टनर ५५५. रेषा जराशी सरकताच नाव बदलत असेल तर त्या रकान्यात ‘बरोबरी’ लिहा. पहिल्या दोन रकान्यांत मात्र रेषा कुठेही ठेवली तरी बॉसीच येतो: सलग नऊ हंगाम पन्नास किंवा अधिक गोल, त्यांतले पाच साठ किंवा अधिक गोलांचे. गार्टनरने पन्नास गाठले ते एकदाच.

यावरून पीटर फोर्सबर्ग (७०८ सामन्यांत ८८५ गुण), पाव्हेल ब्युरे (७०२ सामन्यांत ४३७ गोल), एरिक लिंड्रॉस (७६० सामन्यांत ८६५ गुण) यांचीही जागा कळते. सात हंगामांच्या रकान्यात ते खूप वर, कारकिर्दीच्या रकान्यात मधे कुठेतरी. उलट टोकाला गॉर्डी हाऊ. सलग वीस हंगाम तो लीगमधल्या पहिल्या पाच गुणवंतांत होता. त्याच्याबाबत कोणताही रकाना लावा, तो वरच राहतो.

पायरी १०: प्लेऑफ आणि चषक

प्लेऑफचे, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, एकूण गुण जोडू नका. किती सामने मिळाले हे संघावर अवलंबून असतं. त्याऐवजी प्लेऑफमधला सामन्यामागचा वेग भागिले नियमित हंगामातला वेग असं प्रमाण काढा. सामने अटीतटीचे आणि प्रतिस्पर्धी चांगले असल्याने बहुतेकांचं हे प्रमाण १ च्या खालीच येतं. ग्रेट्झकी ०.९६ (२०८ सामन्यांत ३८२ गुण), फोर्सबर्ग ०.९१, लेम्यू ०.८५, बॉसी ०.८३, गार्टनर ०.८२. बॉसीने चार स्टॅनली कप जिंकले, गार्टनरने एकही नाही, तरी दोघांची घसरण जवळजवळ सारखीच. ‘मोठ्या सामन्यात गार्टनर गारठायचा’ असं म्हणायला हा आकडा आधार देत नाही.

चषक पुरावा म्हणून वापरा, माप म्हणून नव्हे. आर्ट रॉस हा निव्वळ गुणांचा चषक आहे आणि तो कमकुवत वर्षीही कोणालातरी मिळतोच. २०१४-१५ मध्ये जेमी बेनला तो ८७ गुणांवर मिळाला. हार्ट पत्रकार देतात, टेड लिंडसे पुरस्कार खेळाडू देतात, आणि दोन्ही वेगळ्या हातांत गेले तर तिथे थांबून पाहणं फायद्याचं. २००५-०६ मध्ये पत्रकारांनी १२५ गुणांच्या जो थॉर्नटनला निवडलं, खेळाडूंनी १२३ गुणांच्या यागरला.

अजून खेळत असलेल्यांचं काय

त्यांची कारकीर्द अंदाजाने पूर्ण करू नका. समान टप्पा घ्या: समान वय, समान सामने किंवा समान गुण. मॅकडेव्हिडने नोव्हेंबर २०२४ मध्ये हजारावा गुण ६५९ व्या सामन्यात केला. त्याच्याहून लवकर तिघेच तिथे पोचले होते: ग्रेट्झकी ४२४, लेम्यू ५१३, बॉसी ६५६. बॉसी आणि मॅकडेव्हिड यांच्यात तीन सामन्यांचं अंतर, पण बॉसीच्या काळात लीगची सरासरी साडेतीन ते चारच्या दरम्यान आणि मॅकडेव्हिडच्या काळात तीनच्या आसपास. पायरी ३ लावली की त्या टप्प्यावर मॅकडेव्हिड बराच पुढे निघतो. कारकिर्दीच्या रकान्यात मात्र त्याच्या नावापुढे आजवरचा आकडा लिहून शेजारी ‘चालू’ असं लिहावं, आणि प्रत्येक हंगाम संपल्यावर ती ओळ नव्याने मोजावी.